एका रंगाचं जेवण

सोमवार, ४ जानेवारी

आज प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत पाच डबे उघडले आणि पाचही पांढरे निघाले. भात, दही, मुळा, सोललेला बटाटा, उकडलेल्या अंड्यातला फक्त पांढरा भाग. पिवळा बलक हिशेबनीस बाईंनी कागदात गुंडाळून लांब सरकवून ठेवला होता. तो आता कुणाच्या अंगावर धावून येणार असावा.

ही साथ त्यांनीच आणली. सोमवारी पांढरं खायचं, मंगळवारी लाल, बुधवारी हिरवं, गुरुवारी केशरी, शुक्रवारी जांभळं, शनिवारी पिवळं आणि रविवारी तपकिरी. एका दिवशी एकच रंग पोटात गेला की म्हणे पोटाचा गोंधळ उडत नाही आणि चरबी आपोआप झडते. असं म्हणणारे गृहस्थ फोनवरच्या व्हिडिओत सतत हसत असतात. "माझं तीन किलो उतरलं," हिशेबनीस बाई म्हणाल्या. "कशावरून या जेवणानेच उतरलं?" मी विचारलं. "हातच्या काकणाला आरसा कशाला?" म्हणून त्यांनी उभं राहून कंबर दाखवली.

मला राहवलं नाही. आम्ही बियाणं तपासणारी माणसं. ओल्या कागदावर बी मांडायचं, कागद गुंडाळायचा, उबेच्या कपाटात ठेवायचा आणि किती उगवलं ते बघायचं. औषध लावलेलं बी तरारून आलं म्हणून औषध चांगलं, असं आपण कधी म्हणतो का? सोबत बिनऔषधाचं बी लावतो, त्याला कंट्रोल म्हणतो. दोन्हींत फरक दिसला तर तोंड उघडायचं, नाहीतर गप्प बसायचं. हे सगळं मी त्यांना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "मग करून बघा की! उंटावरून शेळ्या कशाला हाकता?"

सगळ्याजणी हसल्या. दारात उभे असलेले साहेबही हसले आणि म्हणाले, "करा तुम्ही. मार्चच्या पहिल्या सोमवारी निकाल सांगा." उचलली जीभ लावली टाळ्याला, की असं होतं.

घरी आल्यावर काट्यावर उभी राहिले. चौऱ्याहत्तर.

मंगळवार, ५ जानेवारी

लाल. टोमॅटो, बीट, सफरचंद. संध्याकाळपर्यंत डोकं दुखायला लागलं.

कंट्रोल हवा. साधारण माझ्या वयाची, माझ्या अंगाची बाई, जी नेहमीचं जेवते आणि काय खाल्लं ते मला सांगते. प्रयोगशाळेतल्या सगळ्या रंगात बुडालेल्या. दादाला फोन केला, म्हटलं, वहिनीला विचार. तो म्हणाला, "तुझं आपलं काहीतरीच असतं," आणि रविवारी बोलू म्हणून फोन ठेवला. त्याचा रविवार महिन्यातून एकदा येतो.

फोनमधली नावं वर-खाली करून पाहिली. प्लंबर, दवाखाना, गॅसवाला, ऑफिसातले लोक, आईचा नंबर. आई जाऊन चार वर्षं झाली, नंबर पुसायचा राहून गेलाय.

बुधवार, ६ जानेवारी

वरच्या मजल्यावरच्या बाईंना विचारलं. त्या हॉटेलांचे पडदे शिवतात. दिवसभर त्यांचं मशीन माझ्या डोक्यावर धावत असतं, पण इतक्या वर्षांत आमचं बोलणं "पाणी आलं का?" आणि "आलं" यापलीकडे गेलेलं नाही. त्यांचे यजमान वारले तेव्हा मी वर गेले होते. पाच मिनिटं उभी राहिले आणि काय बोलावं ते न सुचल्याने खाली आले.

आज जिन्यातच गाठलं आणि सगळं समजावून सांगितलं. त्या हातातली पिशवी खाली न ठेवता ऐकत राहिल्या.

"म्हणजे मी काय करायचं?"

"काहीच नाही. नेहमीसारखं जेवायचं."

"आणि त्याचा तुम्हाला उपयोग?"

"खूप."

"बरं," त्या म्हणाल्या. "आजवर काही न करण्यासाठी मला कुणी बोलावलं नव्हतं."

त्यांचं वजन केलं. सत्तर. चालेल.

शनिवार, ९ जानेवारी

पिवळं. केळी, मका, अंड्यातला बलक. हिशेबनीस बाईंनी सोमवारी टाकलेला बलक आज सन्मानाने परत आला.

कंट्रोलची पंचाईत झाली आहे. काय काय खाल्लं म्हणून विचारलं तर बाई म्हणतात, सकाळी चहा-बिस्किट, दुपारी चहा-बिस्किट, रात्री भूक नव्हती. कालही तेच, परवाही तेच. मी म्हटलं, "अहो, नेहमीचं जेवा म्हणाले होते."

"हेच नेहमीचं आहे," त्या म्हणाल्या.

हे चालणार नाही. कंट्रोलला पाणीच घातलं नाही तर तुलना कशाशी करायची? उद्यापासून रात्रीचं जेवण माझ्याकडे, माझ्या डोळ्यांसमोर. प्रयोगाच्या दृष्टीने हेच बरोबर. दुसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली. खालून आईची शाल निघाली.

मंगळवार, १२ जानेवारी

पडदेवाल्या बाई रोज साडेसातला येतात. त्यांच्यासाठी भात, भाजी, अंडं, दही असं साधं जेवण करते आणि माझ्यासाठी त्या दिवसाचा रंग. आज मी बीट चावत होते आणि त्या समोर भात कालवत होत्या. त्यांना संकोच वाटत होता. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नका, तुम्ही कंट्रोल आहात." तर त्यांना एवढं हसू आलं की पाणी प्यावं लागलं.

त्यांचे यजमान जेवताना फार आवाज करायचे म्हणे. तीस वर्षं त्या आवाजाला कंटाळल्या होत्या. "आता चमचा खाली पडला तरी बरं वाटतं," म्हणाल्या. प्रयोगाशी याचा संबंध नाही, पण लिहून ठेवते.

रविवार, १७ जानेवारी

तपकिरी. ऑफिसातल्या सगळ्याजणी आज चॉकलेट खात असणार. आम्ही अळिंबी आणली. म्हणजे मी आणली. पडदेवाली फक्त सोबत आली होती, कारण भाजीवाला आम्हाला दोघींना एकदम पाहून लिंबू फुकट देतो. का देतो ते तिलाही माहीत नाही.

मी साडेत्र्याहत्तर, ती एकाहत्तर.

शुक्रवार, २२ जानेवारी

आज जेवण लांबलं. तिने एका हॉटेलच्या मालकाची नक्कल केली. त्याला पडदे असे हवे असतात की खोलीत उजेड यावा, पण गिऱ्हाइकाला सकाळ झालेली कळू नये. मग मी साहेबांची चाल करून दाखवली. साहेब चालताना हात मागे बांधतात आणि दाराशी आले की कुठला हात सोडायचा ते त्यांना सुचत नाही. मी कुणाची नक्कल केली त्याला किती वर्षं झाली असतील! ती म्हणाली, "तुम्ही दिसता तशा नाही." मी विचारलं, "कशी दिसते?" तर म्हणाली, "बंद."

वांगी संपली, जांभळा कोबी संपला, तरी आम्ही बसलोच होतो. लाल मुळ्याचं साल जांभळं धरायचं का, यावर वाद झाला. ती म्हणाली नाही. मी खाल्लं.

गुरुवार, २८ जानेवारी

वजन हलत नाही. मी चौऱ्याहत्तर, म्हणजे जिथून निघाले तिथेच. घोडं कुठे पेंड खातंय ते कळत नाही. रंग काटेकोर पाळते. भूक मात्र लागते. पूर्वी संध्याकाळी ऑफिसातून येऊन उभ्याउभ्याच काहीतरी तोंडात टाकायचे आणि झोपायचे. आता सहा वाजल्यापासून साडेसातकडे डोळे लागतात आणि गाजरंसुद्धा ताटभर जातात. आहारात भूक वाढवणारं काहीतरी असावं. नोंद घ्यायला हवी.

रविवार, ७ फेब्रुवारी

आज एकदम डोक्यात प्रकाश पडला. माझं वजन तिथेच आहे, पण कंट्रोलचं दोन किलोंनी वाढलं! म्हणजे रंग न पाळता जेवलं तर दोन किलो वाढतात आणि रंग पाळला तर वाढत नाहीत. म्हणजे आहार काम करतो. हिशेबनीस बाईंना शरण जावं लागणार, असं दिसतं. कंट्रोल नसता तर हे कळलंच नसतं.

तिला सांगितलं, तर तिने आरशात पाहिलं आणि म्हणाली, "मला तर बरं वाटतंय बाई." तिचे गाल खरंच वर आलेत. मी म्हटलं, "तुमचं बरं वाटणं यात मोजत नाही."

मार्चच्या पहिल्या सोमवारनंतर ती जेवायला येणार नाही. तसं ठरलेलंच आहे. मी साहेबांना विचारणार आहे, मुदत वाढवून मिळते का. एवढ्याशा काळात पक्का निष्कर्ष निघत नाही.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

प्रयोग फुकट गेला.

दुपारी ऑफिसातली वीज गेली म्हणून लवकर सोडलं. वाटेत तिच्यासाठी दोऱ्याची रिळं घेतली, तिचा पांढरा दोरा संपला होता म्हणून. वर गेले. दार उघडंच होतं. मशीनशेजारी ताट होतं आणि ताटात जांभळा कोबी, वांगं, काळी द्राक्षं.

"हे काय?"

"जेवतेय. या ना."

"हे जांभळं आहे."

"शुक्रवार नाही का?" ती अगदी सहज म्हणाली.

मग बाहेर आलं. माझ्याकडे जेवायला यायला लागल्यापासून ती दिवसभर रंगाचंच खाते. रात्री फक्त माझ्या समाधानासाठी भात. मी म्हटलं, "तुम्ही इतके आठवडे मला फसवलंत?"

"फसवलं कुठे? तुम्ही एकट्या तिकडे बीट चघळणार आणि मी इकडे काहीबाही खाणार, मला घास उतरेना. म्हटलं, आपण मिळून करू."

"आपण काही करत नव्हतो. मी करत होते. तुम्ही कंट्रोल होता."

ती मग म्हणाली, "फक्त तेवढंच?"

मी हो म्हणाले. का म्हणाले, कोण जाणे. तिने उठून ताट झाकलं. "बरं," म्हणाली. मी दोरा टेबलावर ठेवला आणि खाली आले.

साडेसात वाजून गेले. वरून मशीनचा आवाज चालू आहे.

सोमवार, १५ फेब्रुवारी

माझ्याच टेबलावर जेवणाऱ्या कंट्रोलने नियम मोडला, एवढंच साहेबांना सांगितलं. साहेबांनी हात मागे बांधून सगळं ऐकलं आणि विचारलं, "दोन्ही बिया तुम्ही एकाच कागदात गुंडाळल्या होत्या का?"

"म्हणजे?"

"एकाच टेबलावर बसवलंत ना रोज? मग झिरपणारच."

हे मला सुचायला हवं होतं. नवशिकी मुलगीसुद्धा औषध लावलेलं बी आणि कंट्रोल एका कागदात ठेवत नाही. ओलाव्यातून औषध इकडचं तिकडे जातं. दोष त्या बाईंचा नाही, माझ्या मांडणीचा आहे. तसं त्यांना जाऊन सांगायला हवं का? पण प्रयोग तर संपलाच आहे. आता कशाला?

मी माझ्यापुरतं चालू ठेवणार. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

लाल. अर्धं सफरचंद.

वजन त्र्याहत्तर. उतरलं!

रविवार, २१ फेब्रुवारी

एकाहत्तर! आहार अखेर लागू पडलेला दिसतो. शरीराला सवय व्हायला इतके आठवडे लागत असावेत. आधी कुणी हे सांगितलं असतं तर माझी चिडचिड वाचली असती. भूकही गेली आहे. सकाळी पावाचा कडेचा तुकडा खाल्ला, मग दिवसभर काही लागलं नाही. संध्याकाळी अळिंबी चिरली आणि तशीच ठेवून दिली.

घरी आल्यावर रेडिओ लावते. कुणीतरी बोलत असलं की बरं. आज रेडिओवरच्या माणसाने "नमस्कार मंडळी" म्हटलं आणि मी "नमस्कार" म्हणाले. हे मी कुणाला सांगणार नाही.

पडदेवाल्या बाई जिन्यात दिसल्या. मी म्हटलं, "पाणी आलं का?"

"आलं," त्या म्हणाल्या.

बुधवार, २४ फेब्रुवारी

ऑफिसात माझं फार कौतुक होतंय. "अय्या, कशा बारीक झालात!" हिशेबनीस बाईंनी मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि गोल फिरवलं. त्यांच्या स्वतःच्या डब्यात मात्र आज भात, टोमॅटो, हिरवी भाजी असं सगळं एकत्र होतं. विचारलं तर म्हणाल्या, "जाऊ दे हो, घरच्यांची वेगळी चूल, माझी वेगळी, कंटाळा आला. आणि ते तीन किलो पण आलेच परत." नव्याचे नऊ दिवस. पण माझ्यावर त्यांचा आता पक्का विश्वास बसलाय. माझ्याकडे बघून दोघीजणी पुन्हा सुरू करणार आहेत.

स्कर्टला पिन लावावी लागते. जिना चढताना मधे थांबावं लागलं. बारीक झाल्यावर जिना सोपा जायला हवा होता.

शुक्रवार, २६ फेब्रुवारी

सोमवारच्या निकालासाठी वजनाचा आलेख काढला आणि साहेबांना दाखवायला गेले. सरळ चालत आलेली रेघ, मग एकदम उतार. मला त्या उताराचा अभिमान वाटत होता. साहेब चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. कपाटातली उगवण एखाद्या दिवशी अचानक ढासळली की ते जे विचारतात, तेच त्यांनी विचारलं.

"बारा तारखेला काय बदललं?"

"काही नाही. आहार तोच. रंग तेच."

"काहीतरी बदललंच असणार. रेघ उगाच मोडत नाही."

"कंट्रोल बंद झाला," मी म्हणाले.

"म्हणजे नेमकं काय झालं?"

"त्या बाई जेवायला यायच्या बंद झाल्या."

साहेब हसले नाहीत. त्यांनी आलेख परत दिला आणि विचारलं, "तुम्ही आज जेवलात का?" मी आठवून बघितलं. मला आठवेना.

परत माझ्या टेबलाशी येऊन बसले, तर रडू यायला लागलं. चाळणीतल्या बियांकडे बघत बसले. ती येत होती तेव्हा रंग पाळूनही वजन तसूभर हललं नाही. ती थांबली आणि मी जेवणं सोडलं. यात रंगाचा काय संबंध? काट्याने बरोबरच दाखवलं होतं, मीच चुकीचं वाचत होते. आणि साडेसातची वाट बघण्याला मी भूक वाढवणारा आहार म्हणत होते! ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. फक्त मी ते स्वतःपासूनच लपवलं.

सोमवार, १ मार्च

निकाल सांगितला. "आहाराने वजन उतरत नाही. कमी खाल्लं की उतरतं, आणि कमी का खाल्लं ते ज्याचं त्याला ठाऊक."

हिशेबनीस बाई म्हणाल्या, "अहो, पण तुमचं तर चार किलो उतरलंय!"

"मी आजारी माणसासारखी उतरले आहे," मी म्हणाले. "तुम्ही असं उतरू नका." मग कुणीतरी आपल्या डब्यातला पाव माझ्यापुढे सरकवला. मी घेतला.

संध्याकाळी वर गेले. काय बोलायचं ते जिन्यात घोकून ठेवलं होतं. मांडणी माझी चुकली, दोष तुमचा नाही, वगैरे. दार उघडलं तर तिच्या गळ्यात मापाची फीत होती आणि मागे जमिनीवर पडद्याचं कापड पसरलेलं होतं. मला घोकलेलं काहीच आठवेना.

"जेवलात का?" मी विचारलं.

"हो, आत्ताच."

"बरं," मी म्हणाले आणि वळले. दोन पायऱ्या उतरले. मग तिथूनच, वर न बघता म्हणाले, "मला एकटीला जेवण जात नाही."

मोठ्याने बोलले असणार, कारण जिन्यात आवाज घुमला. मला वाटलं, दार लावून घेतलं असेल. मान वळवली तर ती दारातच होती आणि मला पायापासून डोक्यापर्यंत बघत होती, पडद्यासाठी खिडकी बघावी तशी.

"काय हाल करून घेतलेत हो," ती म्हणाली. "मी रोज साडेसातला मशीन थांबवायचे. खालून हाक येते का बघायचे."

"मी आवाज ऐकत होते मशीनचा."

"मग थांबलेला ऐकू नाही आला?"

मला ऐकू आला नव्हता. रेडिओ चालू असायचा.

तिने गळ्यातली फीत काढली, दार ओढून घेतलं आणि माझ्या पुढे होऊन जिना उतरायला लागली. "माझं पोट भरलंय," ती म्हणाली. "पण तुम्ही जेवा. मी बसते."

मी भात लावला, जे हाताला लागलं ते चिरून परतलं. ती समोर बसली, हात मांडीवर ठेवून. मी पहिला घास घेतला. 'तुम्ही जेवा, मी बसते.' आई गेल्यापासून हे मला कुणी म्हटलं नव्हतं. डोळे भरून आले आणि मान वर करायची लाज वाटली, म्हणून मी तशीच खाली बघून जेवत राहिले. तिला ते दिसलंच असणार. माझं जेवण होईपर्यंत ती उठली नाही.